आधी रेषा, मग गोष्ट

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. प्राचीन ग्रीसच्या तांबड्या आकृतींच्या भांड्यांवरची तुझी टिपणं वाचली. प्रत्येक भांड्याची सुरुवात तू ‘हा हेराक्लीस’, ‘हा हर्मीस’ अशी ग्रीक कथांमधल्या वीरांच्या आणि देवांच्या नावांनी केली आहेस. ओळख बरोबर आहे. सिंहाचं कातडं आणि सोटा दिसला की हेराक्लीस, पंखांचे बूट आणि रुंद काठाची टोपी दिसली की हर्मीस, आयव्हीच्या वेलीची माळ आणि उंच कानांचा पेला दिसला की मद्याचा देव डायोनिसस. एवढं आठवडाभरात पाठ होतं. पण आधी नाव सापडलं की डोळा तिथेच थांबतो, आणि चित्र बघायचं राहून जातं. म्हणून काही दिवस नावं बाजूला ठेव.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की कर. आकृतींच्या अंगाचा तो तांबडा रंग कुणी लावलेला नाही, ती उघडी माती आहे. रंगवलंय ते भोवतालचं काळं. ख्रिस्तपूर्व ५३० ते ५२०च्या सुमारास अथेन्समध्ये ही रीत सुरू झाली. त्याआधी आकृती काळी भरत आणि तपशील टोकदार हत्याराने कोरत. कोरलेली रेषा सगळीकडे एकाच जाडीची, ताठ. रेषा कुंचल्याने येऊ लागली तेव्हा ती जाड-बारीक, गडद-फिकी करता आली. ही शैली एवढी पसरली त्याचं कारण इथे आहे.

काळा म्हणजेही वेगळा रंग नव्हे. लोहयुक्त तीच माती पाण्यात निवळून घ्यायची, जड कण खाली बसू द्यायचे आणि वरचा अगदी बारीक घोळ आटवून वापरायचा. कच्च्या भांड्यावर हा घोळ आणि भांड्याचं अंग यांच्या रंगात फरक थोडाच दिसतो. चित्रकार अर्धाअधिक अंदाजाने काम करायचा, हे लक्षात ठेव. पुढचं भट्टीत घडतं. आधी हवा खेळती ठेवून सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, तेव्हा सगळं भांडं तांबडं होतं. मग झरोके बंद करून ओलं लाकूड घालायचं आणि उष्णता ९०० ते ९५०पर्यंत न्यायची. धुरकट, प्राणवायू नसलेल्या त्या हवेत सगळंच काळं पडतं, आणि बारीक घोळ वितळल्यासारखा होऊन काचेसारखा आवळतो. शेवटी उष्णता उतरत असताना झरोके पुन्हा उघडायचे. सच्छिद्र अंगात हवा शिरते आणि ते परत तांबडं होतं. आवळलेल्या थरात ती शिरत नाही, म्हणून तो काळाच राहतो.

भांड्यांवरचे दोष यावरूनच कळतात. काळ्यात तपकिरी-लालसर डाग दिसला तर घोळ पातळ लागला होता, किंवा त्या जागी धूर नीट पोचला नव्हता. दोन भांडी भट्टीत टेकली असतील तर तिथे गोल वा चंद्रकोरी डाग राहतो. त्याला सावली समजून टिपणात घालू नकोस.

आता रेषा. टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धर. काळ्याच्या तीन जाती दिसतील. एक, उठावाची रेषा: दाट घोळाची, दोऱ्यासारखी वर आलेली, तिला स्वतःची बारीक सावली असते. नाक, ओठ, बोटं, वस्त्रांच्या चुण्या तिच्या. दुसरी, पातळ केलेल्या घोळाची मधासारखी पिवळट रेषा: पोटाचे स्नायू, गालावरची कोवळी दाढी. तिसरी, आकृतीच्या कडेने फिरणारी सुमारे ३ मिलिमीटरची पट्टी. ती आधी ओढायची आणि मग बाकीची पार्श्वभूमी भरायची. पट्टी आणि भराव जिथे एकमेकांवर चढतात तिथे किंचित उंचवटा असतो. त्याच उजेडात कधी बोथट टोकाने केलेल्या कच्च्या आराखड्याच्या दबलेल्या खुणा सापडतात. आराखड्यात हात एका जागी आणि चित्रात दुसऱ्या जागी असेल, तर चित्रकाराने मन बदलल्याचा तो थेट पुरावा आहे. असा पुरावा मिळाला की इतर सगळं सोडून तो आधी टिप.

सरावासाठी सोसियासचा पेला घे. तो बर्लिनच्या संग्रहालयात आहे, ख्रिस्तपूर्व ५००च्या सुमाराचा. आतल्या गोलात ट्रॉयच्या युद्धकथेतला वीर अकिलीस त्याचा मित्र पॅट्रोक्लस याच्या जखमी दंडाला पट्टी बांधतोय. उपटून काढलेला बाण शेजारी आहे. पॅट्रोक्लसने मान फिरवली आहे, ओठ फाकलेत, दातांवर पांढरा रंग आहे. त्याचा पाय वर्तुळाच्या कडेवर दाबलेला आहे: वेदना चेहऱ्यापेक्षा त्या पायात जास्त आहे, असं मला वाटतं. डोळे नीट बघ. त्या काळी चेहरा बाजूने काढला तरी डोळा समोरून दिसेल तसाच काढत. इथे बुबुळ पुढे सरकलंय आणि डोळ्याचा आतला कोपरा उघडलाय. दाढी पॅट्रोक्लसला आहे, अकिलीसला नाही, म्हणजे पॅट्रोक्लस वयाने मोठा दाखवलाय. पेल्याच्या बुडावर ‘सोसियास एपोइएसेन’ म्हणजे ‘सोसियासने घडवला’ असं आहे. ‘एग्राप्सेन’ म्हणजे ‘रंगवला’. या दोन शब्दांची गल्लत करू नकोस. ह्या पेल्याच्या चित्रकाराचं खरं नाव पेल्यावर नाहीच.

चुका बहुतेक तीन ठिकाणी होतात. लाल आणि पांढरा हे वरून लावलेले रंग नीट चिकटत नाहीत. लगाम, फुलमाळा, अक्षरं गळून जातात आणि काळ्यावर फक्त निस्तेज ठसा उरतो. रिकामी मूठ दिसली तर तिरप्या उजेडात तो ठसा शोध. दुसरं, काळ्या आकृतींच्या भांड्यांत बाई पांढरी असे. तांबड्या आकृतींत बाई आणि पुरुष दोघंही मातीच्याच रंगाचे, म्हणून वस्त्र आणि केस बघूनच ठरव. तिसरं, जुनी डागडुजी. तुकड्यांच्या सांध्यापाशी उठावाची रेषा अचानक सपाट होत असेल, काळ्याची चकाकी बदलत असेल, तर पुढचा भाग नंतर कुणीतरी रंगवलाय. तो टिपणात तुटक रेषेने दाखव.

अक्षरं वाचताना दिशा तपास, नाव उजवीकडून डावीकडेही लिहिलेलं असतं. आणि काही ओळींना अर्थच नसतो, नुसती अक्षरं मांडलेली असतात. तिथे ओढूनताणून नाव काढू नकोस.

पुढच्या पत्रात एकाच हाताचं रेखाटन पाठव, खांद्यापासून बोटांपर्यंत. उठावाची रेषा गडद पेन्सिलीने, पातळ रेषा फिकी, तुटलेला भाग तुटक. खाली फोटो कोणत्या बाजूच्या उजेडात काढला आहे तेही लिही.

तुझा शुभचिंतक