‘मी फक्त मध्यस्थ’ म्हणून एजंटला सुटता येत नाही

प्रश्न : दिवाळीत एका एजंटमार्फत हॉलिडे क्लबच्या कुणा सभासदाच्या पॉइंट्सवर (म्हणजे सभासदाला मिळणाऱ्या मुक्कामाच्या हक्कावर) गोव्यातल्या रिसॉर्टमध्ये पाच रात्रींची खोली घेतली. एजंटला यूपीआयने ४२,००० रुपये दिले. बुकिंग त्या सभासदाच्याच नावावर होतं. त्याचं नाव आम्ही प्रथम ऐकलं ते रिसेप्शनवर. पाहुणे म्हणून आमची नावं चढवलेलीच नव्हती, म्हणून खोली नाकारली. वयस्कर आई-वडिलांसह रात्री दुसरं हॉटेल गाठलं, तिथे ६१,००० गेले. एजंट म्हणतो, ‘मी फक्त मध्यस्थ, आणि क्लबचे नियम तुम्हीही मोडलेत.’ माझे १,०३,००० रुपये कोण देणार? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. सणाच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांना घेऊन रात्री खोली शोधत फिरणं सोपं नाही. पैसे मागण्याचा तुमचा हक्क पक्का आहे; ते कुणाकडे आणि किती मागायचे, एवढंच नीट ठरवायला हवं.

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार दुसऱ्याच्या वतीने करार करणारा एजंट सहसा स्वतः बांधील नसतो, हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम २३० पुढे सांगतं की, ज्याच्या वतीने करार केला त्याचं नाव एजंटने उघड केलं नसेल, तर एजंट स्वतःच बांधील आहे असं गृहीत धरायचं. नाव रिसेप्शनवर कळलं, हे तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. ‘सभासद कोण?’ असं तुम्ही विचारल्याचा आणि त्याने टाळल्याचा एखादा मेसेज असेल, तर तो जिवापाड जपा.

नियम मोडल्याच्या बोलण्याने दबून जाऊ नका. पॉइंट्स भाड्याने द्यायचे नाहीत, ही अट क्लब आणि सभासद यांच्यातली. ती मोडली म्हणून तुमचा व्यवहार कायद्याने निषिद्ध ठरत नाही. रिसॉर्टला मात्र यात ओढू नका. तुमचा त्यांच्याशी करारच नव्हता.

आता रक्कम. १,०३,००० मागू नका, असं मी स्पष्ट सांगते. त्या ६१,००० रुपयांत तुम्ही पाच रात्री राहिलात. म्हणून मूळ ४२,००० आणि वर जास्तीचे १९,००० मागा, म्हणजे ६१,०००. शिवाय मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. फुगवलेल्या मागणीमुळे खऱ्या मागणीवरचा विश्वासही उडतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

एजंटला १५ दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टने पाठवा. पैसे आले नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. गोव्याला खेपा घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. सभासदालाही प्रतिपक्ष करा. पण एखाद्याने एकदाच आपली खोली दिली, तर तो ‘सेवा पुरवणारा’ ठरतो का, यावर वाद होऊ शकतो. म्हणून मुख्य भिस्त एजंटवर ठेवा. (थेट सभासदाकडून खोली घेताना हीच अडचण येते. तेव्हा तुमचं नाव बुकिंगवर चढल्याचं रिसॉर्टकडून फोनवर पक्कं केल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.)

पोलिसांत जावं का, असं तुमच्या मनात असेलच. बुकिंग खरं होतं, त्यामुळे सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दाखवणं कठीण जाईल. तीच खोली एजंटने आणखी कुणाला विकल्याचं निघालं, तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार जरूर द्या.

आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे. पण एक काम याच आठवड्यात करा : खोली कोणत्या कारणाने नाकारली, ते रिसॉर्टकडून ईमेलवर लेखी मागवा. तिथली माणसं बदलली, की त्या रात्रीचं कुणालाच आठवणार नाही.