कितव्या भागावर आहेस ते आधी सांग

प्रिय बेटा,

परवा तुझा मेसेज आला, "काकू, मी आता कुठल्याच सिरीयलबद्दल कोणाशी काही बोलणार नाहीये, सगळे म्हणतात आधी पूर्ण बघ मग बोल", तो वाचून मला खरंच वाईट वाटलं गं. आपल्या इंदूरच्या रामबागेत एखादी गोष्ट नीट बघून तिच्याबद्दल चार वाक्यं धड बोलणारी तुझ्या वयाची मुलं मला फार कमी भेटतात, तू त्यातली एक आहेस आणि तूच गप्प बसणार म्हणतेस. फोनवर हे सगळं बोलले असते तर अर्धं राहूनच गेलं असतं म्हणून लिहितेय, निवांत वाच.

पहिली गोष्ट, "पूर्ण बघ मग बोल" हा नियम सिनेमाला ठीक आहे, अडीच तासांत संपतो. सिरीयलला तो कसा लावणार? 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये संपली, तीन हजारांच्या वर भाग झाले तिचे, म्हणजे ती सुरू झाली तेव्हा पहिलीत असलेलं पोर ती संपेपर्यंत कॉलेजच्या दारात पोचलं. मग तेवढी वर्षं घरातल्यांनी तोंड बंद ठेवून बघायची का? सिरीयल रोज थोडी थोडी येते, आपण ती जेवताना, भाजी निवडताना बघतो आणि मधल्या वेळात तिच्याबद्दल बोलतो, ते बोलणं हा बघण्याचाच भाग आहे. आणि हे काही आजचं नाही. 'हम लोग' दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, मनोहर श्याम जोशी लिहायचे, प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलायचे आणि लोकांनी त्या सिरीयलला लाखांनी पत्रं पाठवली. कोणी आपल्या घरातली अडचण लिहिली, कोणी अमुक मुलीचं भलं होऊ द्या म्हणून लिहिलं. ती सगळी पत्रं सिरीयल चालू असताना लिहिलेली होती, शेवट कोणालाच ठाऊक नव्हता, आणि तेव्हा कोणी असं नाही म्हणालं की आधी पूर्ण बघा मग पत्र टाका.

म्हणजे बोलायचंच. फक्त कसं बोलायचं ते मला तुला सांगायचंय.

मत सांगायच्या आधी तू कुठवर आलीयस ते सांग. एवढंच केलंस तरी अर्धी भांडणं होणार नाहीत. "ही सिरीयल बोअर आहे" असं म्हटलंस की ऐकणाऱ्याला वाटतं तू शेवटचा निकाल देऊन मोकळी झालीस, मग तो चिडतो आणि म्हणतो, अगं पुढे बघ तरी! तेच जर तू म्हणालीस, "पाच भाग झालेत, अजून मला कळत नाहीये की वडिलांना मुलीचं लग्न का नको आहे, आणि ते मुद्दाम लपवलंय असंही वाटत नाही, लिहायचंच राहून गेलंय असं वाटतं", तर बघ किती फरक पडतो. ह्यात तू किती पाहिलंस ते आलं, नेमकं काय खटकलं ते आलं, आणि पुढे जर सहाव्या भागात वडिलांचं कारण आलं तर तुला माघार घ्यायची गरजच नाही, कारण पाच भागांपर्यंत ते आलेलं नव्हतं हे खरंच आहे. मग सरळ म्हणायचं, सहाव्यात आलं बरं का, आणि चांगलं आलंय. मत बदललं की ते मोकळेपणी सांगत जा, चालू सिरीयलबद्दल ते बदलणारच, त्यात कमीपणा काय?

'गेम ऑफ थ्रोन्स'चं आठव, तुझा दादा रात्रंदिवस ज्याबद्दल बोलायचा. २०१९ मध्ये शेवटचा सीझन आला तेव्हा जगभरातले लोक इतके नाराज झाले की तो सीझन पुन्हा बनवा म्हणून एक याचिका निघाली आणि तिच्यावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. तेव्हा खूप जण म्हणायला लागले की आमची आठ वर्षं फुकट गेली. मला हे अजिबात पटत नाही. सुरुवातीचे सीझन बघताना जे आवडलं होतं ते तेव्हा खरंच आवडलं होतं ना, शेवट बिघडला म्हणून ते पुसून कसं जाईल.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जरा नीट समजून घे, कारण बोलताना बहुतेक लोक इथेच गोंधळ करतात. आजी बघतात ती डेली सिरीयल आणि तू मोबाईलवर बघतेस ती वेबसिरीज ह्या दोन्ही वेगळ्या पद्धतीने बनतात. वेबसिरीजचा सीझन बहुतेक वेळा आधी पूर्ण लिहिलेला असतो, शूट झालेला असतो आणि मग आपल्यासमोर येतो, त्यामुळे दुसऱ्या भागात टेबलावर पडलेली एखादी चिठ्ठी सातव्या भागात कामाला येऊ शकते. म्हणून तिथे कथेबद्दल निकाल द्यायची घाई करू नकोस, पण अभिनय, भाषा, वेग, आवाज ह्याबद्दल दुसऱ्या भागापासून बेलाशक बोल. डेली सिरीयलचं तसं नाही. तिथे आज शूट झालेलं थोड्याच दिवसांत टीव्हीवर येतं, हाताशी तयार भागांची बँक थोडीशीच असते. म्हणूनच २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शूटिंग थांबलं आणि बघता बघता सगळीकडे जुने भाग दिसायला लागले. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोणती सिरीयल किती बघितली गेली ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात, टीआरपी पडला की कथेचा ट्रॅक बदलतो, काल चांगली असलेली जाऊ आज कारस्थानी होते, मग लीप येते म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे जाते, कलाकार बदलतो, महाएपिसोड येतो. टायटल्स नीट वाचलीस तर दिसेल की कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे असतात. हे माहीत असलं की तू नुसतं "लेखकाला अक्कल नाही" असं म्हणणार नाहीस, तू म्हणशील की हिचा स्वभाव एका आठवड्यात बदलला आणि तो का बदलला हे सिरीयलने दाखवलंच नाही. दुसऱ्या वाक्यावर समोरच्याला काहीतरी बोलता येतं, पहिल्यावर तो नुसता हो किंवा नाही म्हणेल.

आणि बघायचं कसं हे शिकायचं असेल तर घरातल्या बायकांजवळ बस. माझ्या सासूबाईंचं सांगते. त्या शाळा फारशा शिकल्या नव्हत्या पण संध्याकाळच्या सिरीयल चुकवायच्या नाहीत. एकदा एका सिरीयलमध्ये भांडणाचा सीन होता, ढॅण ढॅण म्युझिक, सगळ्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीन तीनदा फिरतोय, मी कंटाळून उठत होते, तर त्यांनी माझा हात धरून बसवलं आणि म्हणाल्या, "तिच्या हाताकडे बघ." मोठी सून नवऱ्यापुढे ताट ठेवत होती. इतकी चिडलेली होती पण ताट आपटलं नाही, वाटी थोडी सरकली तर ती बोटाने परत जागेवर लावली आणि मग मागे झाली. सासूबाई म्हणाल्या, "ही रडणार नाही आता, ही घर सोडून जाणार." त्या काही अंदाज बांधून शहाणपणा मिरवत नव्हत्या, त्यांनी आयुष्यभर बायका ताट कशी ठेवतात ते पाहिलेलं होतं. ढॅण ढॅण म्युझिकमध्ये त्या नटीने केलेलं ते छोटं काम मला दिसलंच नसतं. मत म्हणजे मी ह्याला म्हणते बेटा. चांगलं की वाईट हे नंतर, आधी तुला काय दिसलं ते सांग, एक सीन, एक वाक्य, एक हात. ते सांगितलंस की तुझं मत ज्याला पटणार नाही तोसुद्धा पुढच्या वेळी तो सीन लक्ष देऊन बघेल.

आपल्या गावामुळे आपल्याला जे दिसतं तेही बोल. 'पंचायत' वेबसिरीजमधलं फुलेरा गाव यूपीतलं म्हणून दाखवलंय पण शूटिंग झालंय आपल्या मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यातल्या महोडियात, म्हणजे इंदूरहून भोपाळला जाताना जो मुलूख लागतो तिथलं. ती घरं, ती माती, पंचायतीचं ऑफिस बघून तुला काही ओळखीचं वाटलं असेल तर ते मुंबई पुण्याच्या मैत्रिणी सांगू शकणार नाहीत, तू सांगू शकतेस.

अहिल्याबाईंच्या सिरीयलचं तर विचारूच नकोस. २०२१ च्या जानेवारीत ती सोनीवर सुरू झाली तेव्हा आपल्या इंदुरात राजवाड्यापासून सुदामा नगरपर्यंत प्रत्येकाला तिच्याबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. तिथे एक पथ्य पाळायचं. इतिहासाची चूक आणि सिरीयलची चूक वेगवेगळी ठेवायची. चौंडीला १७२५ मध्ये जन्म, १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला, मग त्यांनी कारभार हातात घेतला आणि तो महेश्वरहून चालवला, होळकरांची राजधानी इंदूरला आली ती त्यांच्या खूप नंतर, १८१८ मध्ये. ह्यात काही इकडचं तिकडे दिसलं तर ते पुस्तक उघडून बोलायचं, "मला वाटतं" म्हणून नाही. पण लहान अहिल्या सासऱ्यांशी काय बोलली असेल हे कोणीच लिहून ठेवलेलं नाही, ते सिरीयलवाले रचणारच, तिथे एवढंच बघायचं की ते बोलणं त्या मुलीच्या तोंडी शोभतंय का. शोभत असेल तर मोकळ्या मनाने दाद दे.

आता पुढचं फोडायचं नाही ह्याबद्दल. हे तुला इंदूरमध्ये राहून वेगळं शिकवायला नको. सानंद ह्या आपल्या मराठी संस्थेचं नाटक आलं की खंडवा रोडला युनिव्हर्सिटीच्या सभागृहात एकाच नाटकाचे वेगवेगळ्या गटांसाठी शनिवार रविवार प्रयोग होतात, आणि शनिवारी बघून आलेला माणूस रविवारवाल्याला फोनवर काय सांगतो? "जा नक्की, दुसरा अंक बघ." बस. कोण कोणाचा मुलगा निघाला ते सांगत नाही. कामं कशी झाली, नेपथ्य कसं होतं, कुठे रेंगाळलं, सगळं सांगतो आणि तरी रविवारवाल्याचं नाटक शाबूत राहतं. सिरीयलबद्दल अगदी असंच बोलायचं. आपल्या घरांमध्ये तर आणखी एक भानगड असते, एक पिढी मराठी बघते, एक हिंदी. 'आई कुठे काय करते' आणि 'अनुपमा' दोन्ही एकाच बंगाली सिरीयलवरून आल्या, 'श्रीमयी' वरून, मराठीतली २०२४ मध्ये संपली, पण दोन्ही चालू होत्या तेव्हा तू हिंदीबद्दल जे सहज बोलून गेली असतीस त्याने आईचा मराठीतला पुढचा महिना फुटू शकला असता. आधी विचारायचं, तुझं कुठवर आलंय? ती म्हणाली की अजून घटस्फोटाचं चाललंय, तर तूही तिथवरचंच बोलायचं.

नटनट्यांना शिव्या द्यायच्या नाहीत. खलनायिकेचं काम करणारी बाई संध्याकाळी तिच्या घरी जाऊन वरणभातच लावते. भूमिकेचा राग आला तर ते तिच्या कामाचं कौतुक आहे, तसंच सांगावं. तिचं वजन, रंग, वय, लग्न ह्यातलं काहीही तुझ्या मतात येता कामा नये, ह्याबाबत मी फार कडक आहे आणि तू पण राहा.

आणि आजींच्या सिरीयलला "फालतू" म्हणू नकोस. खरंच फालतू वाटली तरी. त्यांना विचार, तुम्हाला ह्यात कोण आवडतं आणि का. एखाद्या वेळी उत्तर येईल की टाईमपास आहे, पण एखाद्या वेळी त्या अशी काही गोष्ट सांगतील जी त्यांनी कोणालाच सांगितली नसेल, धाकट्या जावेबद्दल, माहेराबद्दल, कारण सिरीयलच्या आडून बोलणं सोपं जातं. तुझं मत वेगळं असेल तर नंतर सांग, "आजी, मला ती सून इतकी सहन करते ते नाही पटत", असं. त्या रागावणार नाहीत. रागावल्या तरी दुसऱ्या दिवशी तीच सिरीयल लागल्यावर पुन्हा तुझ्याकडेच बघतील, तू काय म्हणतेस म्हणून.

कॉलेजातल्या ज्या मुलांनी तुला गप्प केलं त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पुन्हा विषय निघाला की एवढंच म्हण, मी चौथ्या भागावर आहे, चार भागांचं सांगते, पुढचं कोणी सांगू नका. आणि मग बोल. मध्येच कोणी "अरे पुढे तर" म्हणून सुरू झालाच तर त्याला तिथेच थांबव, तुझा तो हक्क आहे.

तू म्हणाली होतीस ती नवी वेबसिरीज मी पण लावलीय, तुझ्या काकांनाही बसवलं बरोबर. आमचे तीन भाग झालेत, चौथा रविवारी बघू. त्या धाकट्या भावाचं काम मला पहिल्या भागात कृत्रिम वाटलं होतं, तिसऱ्यात स्टेशनवरच्या सीनमध्ये फार आवडलं, तो पाण्याची बाटली दोनदा उघडून न पिता परत बंद करतो ते पाहिलंस का? तुला तो कसा वाटला ते लिही, पण तिसऱ्या भागापर्यंतचंच.

तुझी,
काकू