दहावीच्या विज्ञान भाग १ मधलं रसायन तीन आठवड्यांत कसं पक्कं करावं?

तू लिहिलं आहेस की दहावीला मराठी माध्यमात आहेस, भौतिकातली गणितं सुटतात, पण रसायनातली समीकरणं आज पाठ केली की परवा पुसली जातात, आणि बोर्डाच्या पेपरला तीन आठवडे उरलेत. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. नेमकी हीच तक्रार घेऊन येणारी मुलं दरवर्षी भेटायची, आणि त्यांतली बहुतेक अभ्यासू असायची. म्हणून स्वतःला कमी समजू नकोस. तुझी उजळणी चुकीच्या टोकाकडून चालली आहे, एवढंच झालं असावं.

आधी पसारा किती आहे ते बघ. भाग १ च्या दहा धड्यांत रसायनाचे चारच: मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे. पुस्तकात ते दुसरा-तिसरा आणि आठवा-नववा असे लांब लांब पडलेत, त्यामुळे चार वेगळे विषय वाटतात. पण चारही धड्यांत गोष्ट एकच आहे: अणूच्या सगळ्यात बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन कोण सोडतं, कोण घेतं आणि कोण वाटून घेतं. हे एकदा हाताला बसलं की पाठांतर निम्म्यावर येतं.

म्हणून पहिले दोन दिवस दहावीचं पुस्तक उघडूच नकोस. कोरा कागद घे आणि पहिल्या २० मूलद्रव्यांची नावं, संज्ञा, इलेक्ट्रॉन संरूपण (आतून बाहेर कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन) आणि संयुजा (अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो तो आकडा) न बघता लिही. सोडिअम २, ८, १. मॅग्नेशिअम २, ८, २. क्लोरीन २, ८, ७. कॅल्शिअम २, ८, ८, २. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्याच कागदाच्या मागे आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट, लिही: नायट्रेट, हायड्रॉक्साइड आणि अमोनिअम यांच्यावर एक प्रभार, सल्फेट आणि कार्बोनेट यांच्यावर दोन, फॉस्फेटवर तीन. यांतला अमोनिअम तेवढा धन, बाकी सगळे ऋण. हे सगळं आठवी-नववीचं आहे, आणि दहावीचं पुस्तक ते तुला येतंच असं धरून पुढे जातं. समीकरण येत नाही म्हणणाऱ्या मुलांची वही मी तपासायची तेव्हा दहातल्या आठ जणांचं रेणुसूत्रच चुकलेलं असायचं. सूत्र चुकलं की पुढे कितीही संतुलन कर, ते जमणार नाही.

सूत्र लिहिताना प्रभारांचा हिशेब कर. ॲल्युमिनिअमवर धन ३, सल्फेटवर ऋण २. दोन ॲल्युमिनिअमचे सहा धन, तीन सल्फेटचे सहा ऋण, हिशेब मिटला. म्हणून ॲल्युमिनिअम सल्फेटच्या सूत्रात ॲल्युमिनिअमखाली २ येतो आणि कंसातल्या सल्फेटखाली ३. अशी रोज दहा सूत्रं केलीस तर चार दिवसांत पेन आपोआप चालायला लागेल.

आता संतुलन, म्हणजे समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे अणू सारखे करणं. इथली सगळ्यात महाग चूक सांगते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं, हे समीकरण लिहिताना डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू आणि उजवीकडे एकच दिसतो. घाईत मूल काय करतं, पाण्याच्या सूत्रातल्या ऑक्सिजनखाली छोटा २ लिहून मोकळं होतं. अणू जुळले, पण उजवीकडे पाणी राहिलंच नाही, तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड झालं! सूत्राच्या पोटातल्या अंकाला हात लावायचा नाही, बदलायचा तो फक्त सूत्राच्या आधी लिहिलेला मोठा अंक, म्हणजे सहगुणक. पाण्यापुढे २, मग हायड्रोजनपुढे २, झालं.

इथेनॉलचं ज्वलन घेऊन एकदा सावकाश सराव कर. आधी कार्बन मोज, मग हायड्रोजन, ऑक्सिजन शेवटी. एका इथेनॉलमध्ये कार्बनचे दोन अणू, म्हणून कार्बन डायऑक्साइड दोन. हायड्रोजनचे सहा, म्हणून पाणी तीन. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू झाले सात. त्यांतला एक इथेनॉलने स्वतःसोबत आणला आहे, उरले सहा, म्हणजे ऑक्सिजनचे रेणू तीन. तो सोबत आणलेला एक अणू विसरल्यामुळे किती जणांचे गुण गेलेले मी पाहिलेत!

अभिक्रियांचे प्रकार मात्र घरात आणि शेतात शोध. पाठ करण्यापेक्षा ते लवकर जमतं. माझ्या वर्गातला एक मुलगा विस्थापन आणि दुहेरी विस्थापन यांत कायम गोंधळायचा. त्याच्या घरी द्राक्षबाग होती. मी विचारलं, बोर्डो, म्हणजे द्राक्षांवर फवारायचं औषध, कसं करता रे? म्हणाला, १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी, आणि मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचा नाही, प्लॅस्टिकच्याच ड्रममध्ये. का नाही? हे त्याला माहीत नव्हतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, ते आपले इलेक्ट्रॉन देऊन तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं आणि स्वतः द्रावणात जातं. भांडं झिजतं आणि औषधातलं तांबं वाया जातं. हे विस्थापन. मिश्रण तयार झाल्यावर त्याचे वडील त्यात विळा बुडवून बघायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर म्हणायचे, चुना कमी पडला. तो थर तांब्याचाच असतो, म्हणजे मोकळं कॉपर सल्फेट अजून शिल्लक आहे. चुना पुरेसा पडला की तांबं हायड्रॉक्साइडच्या रूपात अवक्षेप होऊन, म्हणजे न विरघळणारा साका होऊन बसतं, सल्फेट कॅल्शिअमकडे जातं, आयनांची अदलाबदल होते. हे दुहेरी विस्थापन. एका ड्रममध्ये दोन्ही प्रकार! त्या दिवसानंतर तो मुलगा या प्रश्नात कधी चुकला नाही. आणि कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर जो खदखदतो ती संयोग अभिक्रिया, दोन पदार्थांचा एक होतो, आणि उष्णता बाहेर पडते म्हणून उष्मादायीही. तुझ्या घरी शेती नसेल तर लोखंडी खिळा आणि मोरचुदाचं पाणी पुरे. रात्रभर ठेव आणि निळा रंग हिरवट होताना बघ. मोरचूद विषारी आहे, तेव्हा स्वयंपाकाचं भांडं वापरू नकोस आणि हात धू.

ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांत अडखळतोस का? कॉपर ऑक्साइडवरून हायड्रोजन जाऊ दिला की तांबं आणि पाणी मिळतं. ऑक्सिजन गमावला कॉपर ऑक्साइडने, म्हणून त्याचं क्षपण झालं. ते घडवून आणलं हायड्रोजनने, म्हणून क्षपणक हायड्रोजन, आणि त्याचं स्वतःचं मात्र ऑक्सिडीकरण झालं. पेपरात प्रश्न याच वळणावर येतो.

आवर्तसारणीतला इतिहास थोडक्यात आटप: डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, १८६९ चा मेंडेलीव्ह अणुवस्तुमानावर, १९१३ चा मोस्ले अणुअंकावर. त्रिकाचं उदाहरण एकच पक्कं कर. लिथिअम ६.९ आणि पोटॅशिअम ३९.१ या अणुवस्तुमानांची सरासरी २३, म्हणजे मधला सोडिअम. वेळ दे तो आवर्ती कलांना, म्हणजे सारणीत गुणधर्म क्रमाने कसे बदलतात त्याला, कारण ‘शास्त्रीय कारणे लिहा’ तिथून येतं. आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे अणूचा आकार कमी का होतो? केंद्रकावरचा धनप्रभार वाढत जातो, नवे इलेक्ट्रॉन मात्र त्याच कवचात बसतात, म्हणून ते आत जास्त ओढले जातात. सोडिअमची त्रिज्या १८६ पिकोमीटर, त्याच ओळीतल्या क्लोरीनची ९९. गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, खाली जाताना दरवेळी नवं कवच येतं, म्हणून आकार वाढतो. दोन गुणांच्या उत्तरात आधी काय बदललं ते लिही, मग त्यामुळे काय झालं ते. ‘कारण तसा नियम आहे’ असं लिहिलेल्या उत्तराला मी कधीच गुण देऊ शकले नाही.

धातुविज्ञान मुलांना सगळ्यात रटाळ वाटतं, मला मात्र शिकवायला तेच फार आवडायचं. क्रियाशीलता श्रेणी तीन मजल्यांत लिही. वर पोटॅशिअमपासून ॲल्युमिनिअमपर्यंतचे, इलेक्ट्रॉन पटकन देणारे. त्यांच्या ऑक्साइडमधून धातू सोडवायला कार्बनची ताकद पुरत नाही, म्हणून विद्युत अपघटन, म्हणजे वीज वापरून संयुग फोडणं. मधे जस्त, लोखंड, शिसं, तांबं. यांचं धातुक (ज्या खनिजातून धातू काढतात ते) सल्फाइड असेल तर भरपूर हवेत भाजणे, कार्बोनेट असेल तर मर्यादित हवेत तापवणे, म्हणजे निस्तापन, आणि मिळालेल्या ऑक्साइडचं क्षपण. खाली चांदी, सोनं, जे निसर्गात मुक्तही सापडतात. कोणता धातू कोणत्या पद्धतीने काढतात हे पाठ करावं लागत नाही, मजला आठवला की पद्धत आठवते.

ॲल्युमिनिअमचं निष्कर्षण मोठ्या प्रश्नासाठी आकृतीसह तयार ठेव. त्याचं धातुक बॉक्साइट आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीकडेही आहे. त्यातलं ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनिअम ऑक्साइड, उभयधर्मी (आम्लाशीही आणि आम्लारीशीही अभिक्रिया करणारं), म्हणून गरम सोडिअम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतं आणि आयर्न ऑक्साइड मागे राहतं. शुद्ध ॲल्युमिना २००० अंश सेल्सिअसच्या वर वितळतं, म्हणून क्रायोलाइट आणि फ्लुअरस्पार ही खनिजं घालून ते काम १००० अंशांच्या आसपास आणतात. ग्रॅफाइटचे धनाग्र वारंवार का बदलावे लागतात? तिथे सुटणारा ऑक्सिजन ग्रॅफाइटशी जुळून कार्बन डायऑक्साइड होतो, धनाग्र खाल्ले जातात. हे ‘का’ लिहिलंस तर तपासणाऱ्याला कळतं की तुला समजलं आहे. जाता जाता, भांड्यांना कल्हई कथलाची आणि लोखंडावर विलेपन जस्ताचं, ही अदलाबदल पेपरात होऊ देऊ नकोस.

शेवटचा आठवडा कार्बनला दे. इथे इलेक्ट्रॉन सोडणं-घेणं नाही, वाटून घेणं आहे, आणि प्रत्येक कार्बनला चार बंध हवेतच. काढलेल्या प्रत्येक रचनेत कार्बनभोवतीच्या रेघा मोज. तीन किंवा पाच आल्या तर कुठेतरी चुकलं आहे. समजातीय श्रेणीत, म्हणजे एकाच प्रकारच्या संयुगांच्या ओळीत, एकेका पायरीला एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढतात, म्हणजे रेणुवस्तुमान १४ ने. नावांसाठी एक ते चार कार्बनचे मेथ, इथ, प्रोप, ब्यूट एवढं पुरे. नंतर समघटक, म्हणजे रेणुसूत्र तेच पण रचना वेगळी अशी संयुगं, हाताने काढ. ब्यूटेनचे दोन होतात, पेंटेनचे तीन. चौथा सापडला असं वाटलं तर कागद फिरवून सर्वात लांब साखळी पुन्हा मोज, तो आधीच्या तिघांपैकीच एक निघेल.