नोकरी गेलेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगला देवाचे उपकार कसे मोजावेत?

तुम्ही विचारले आहे की, यजमानांची नोकरी गेली, नोकरीवर अवलंबून असलेल्या एच-१बी व्हिसाची, नवी नोकरी शोधण्यासाठीची ६० दिवसांची मुदत सुरू झाली, आणि अशा परिस्थितीत थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेत नोव्हेंबरमधल्या गुरुवारी येणाऱ्या आभार मानण्याच्या सणाच्या, जेवणाला बसल्यावर मुलांना 'देवाचे आशीर्वाद मोजा' असे कोणत्या तोंडाने सांगायचे. मी नगर जिल्ह्यातल्या मराठी ख्रिस्ती घरात वाढले आणि आता मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. माझे मत असे आहे की उपकारस्तुती यंदाही अवश्य करावी. मात्र आपल्याकडे काय काय आहे याची यादी करत बसू नये. ज्यांच्या हातून देवाने आपल्याला सावरले त्यांची नावे घ्यावीत, आणि जे हातचे गेले तेही त्याच प्रार्थनेत मोकळेपणाने सांगावे.

याला आधार पवित्र शास्त्रातच आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात, पहिल्या पिकाची टोपली घेऊन येणाऱ्या इस्राएली माणसाने देवासमोर काय बोलावे हे सांगितले आहे. तो पिकापासून सुरुवात करत नाही. आपला पूर्वज भटका अरामी होता, तो मिसरात (इजिप्तमध्ये) उपरा म्हणून राहिला, तिथे आपल्या लोकांना जाच झाला, त्यांनी परमेश्वराचा धावा केला आणि त्याने त्यांना सोडवले, हे सगळे सांगून झाल्यावर मगच तो टोपलीतल्या पिकाचे नाव काढतो. लगेच पुढे, लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातले लोक) आणि उपरी यांना सोबत घेऊन आनंद करण्याची आज्ञा आहे. त्यामुळे तुमच्या यजमानांच्या नोकरीचा विषय टेबलावर निघाला तर सण बिघडेल, ही भीती तुम्ही मनातून काढून टाका.

अमेरिकेतल्या या सणाचा इतिहासही सुबत्तेचा नाही. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून १०२ प्रवासी इथे वस्ती करायला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्यातले जवळजवळ निम्मे मरण पावले. उरलेल्यांना मका कसा पेरावा हे टिस्क्वांटम नावाच्या ज्या मूळनिवासी माणसाने शिकवले, त्याला त्याआधी काही वर्षे एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेले होते. १६२१ च्या हंगामानंतर त्यांच्या वस्तीत, मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला, तीन दिवस जे जेवण झाले, त्याला वाम्पानोआग या तिथल्या मूळनिवासी लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसांसह आला होता आणि त्याच्या लोकांनी पाच हरणे मारून आणली होती. पुढे याच लोकांची जमीन गेली, आणि १९७० पासून त्यांचे काही वंशज याच गुरुवारी प्लिमथला शोकदिन पाळतात. आमच्या घरी मुलांना हेही सांगितले जाते, कारण ज्यांनी जगवले त्यांना विसरून केलेली स्तुती देवाला आवडेल असे मला वाटत नाही. राष्ट्राध्यक्ष लिंकनने ३ ऑक्टोबर १८६३ रोजी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशभर पाळण्याचे जे आवाहन केले, तेही ऐन यादवी युद्धातले. आभार मानतानाच विधवा, अनाथ आणि शोकाकुल यांना देवाच्या हाती सोपवा, असे त्यात सांगितले आहे.

आपल्या नगरच्या ख्रिस्ती लोकांचे या भागाशी जुने नाते आहे. इथल्याच बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने पाठवलेले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोहोचले. त्यांच्या परंपरेतल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत (चर्चमध्ये) हंगामाचा सण मी लहानपणापासून पाहिला आहे. वेदीपुढे बाजरीची कणसे, ज्वारीची पायली, भोपळे, अंडी आणि पाय बांधलेली कोंबडी ठेवलेली असायची, उपासनेनंतर तिथेच लिलाव व्हायचा. कोणी तरी चढ्या भावाने घेतलेली कोंबडी लगेच पुन्हा अर्पण करायचा आणि ती दुसऱ्यांदा लिलावात यायची. पाऊस दगा देई त्या वर्षी अर्पण थोडे असे, पण सण झाल्यावाचून राहिला नाही. पाळकसाहेब प्रार्थनेत विहीर आटलेल्या घरांची नावे घेत आणि ज्याने आपल्या विहिरीवरून पाणी भरू दिले त्याचेही नाव घेत. उपकार मोजायला मी तिथे शिकले.

आता आम्ही करतो ते असे. जेवणाआधी १०३ वे स्तोत्र वाचतो, कारण त्यात देवाचे उपकार विसरू नकोस असे माणूस स्वतःच्याच जिवाला बजावतो. मग प्रत्येकाने एका माणसाचे नाव आणि त्याने नेमके काय केले ते सांगायचे. 'घर, गाडी, आरोग्य' असे उत्तर चालत नाही. गेल्या वर्षी माझ्या धाकटीने शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या आजींचे नाव घेतले. त्यांनी आपल्या खिशातले लोकरी हातमोजे काढून हिच्या हातांत घातले होते, हे तोवर आम्हांला ठाऊकच नव्हते. माझ्या यजमानांनी शेजारच्या गुजराती काकांचे नाव घेतले, कारण सासूबाईंना मध्यरात्री इस्पितळात हलवावे लागले तेव्हा ते सकाळपर्यंत आमच्या मुलांजवळ बसून होते. ते ख्रिस्ती नाहीत. पण बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानायला येशूकडे परतला तो एकटा शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला होता, हे लूकने आपल्या शुभवर्तमानात मुद्दाम लिहून ठेवले आहे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. 'जगात किती जणांना जेवायला मिळत नाही, आपल्याला तरी मिळते' असे मुलांना सांगू नका. दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करून मानलेले आभार हे लूकच्या १८व्या अध्यायातल्या परूश्याच्या (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाच्या) प्रार्थनेजवळ जातात. 'मी इतरांसारखा नाही' म्हणून तो देवाचे आभार मानत होता आणि येशूने त्याला नीतिमान ठरवले नाही.

यजमानांना त्या दिवशी काही बोलावेसे वाटले नाही तर त्यांना आग्रह करू नका. शांत बसलेला माणूसही त्या प्रार्थनेत असतोच. मुलांना मात्र बाबांची नोकरी गेल्याचे त्यांच्या वयाला झेपेल तेवढे आधी सांगून ठेवा, म्हणजे ती टेबलावर गोंधळणार नाहीत. या सणाला करतात ती टर्की परवडत नसेल तर कोंबडीचा रस्सा आणि भाकरी करा. आणि तुमच्या मंडळीतून कोणी अन्नाची पेटी किंवा डबा घेऊन दारात आले, तर संकोच न करता घ्या, त्यांना घटकाभर आत बसवा आणि त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत पहिले नाव त्यांचे घ्या.