पोरी, मॅरेथॉनची घाई नको

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. एकविसावं लागलं म्हणजे उशीर झाला, आता ट्रॅक बंद, सरळ मॅरेथॉनच पळते, रविवारच्या रोड रेसला निदान कॅश तरी मिळते, असं तुझं म्हणणं. नडगी दुखतेय हे मात्र तू शेवटच्या ओळीत सहज जाता जाता लिहिलंयस, मला आधी तेच दिसलं.

देरार्तू तुलूचं नाव ऐकलंयस का? इथिओपियाची. तुम्ही पोरी तिरुनेश दिबाबाचे व्हिडिओ बघता, तिचीच ही नात्यातली थोरली बहीण. अर्सी भागातल्या बेकोजी गावची, जन्म १९७२ चा. १९९० ला ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन झाली, १०,००० मीटरला, आणि दोनच वर्षांनी बार्सिलोनात ऑलिंपिक गोल्ड, वय फक्त २०. ऑलिंपिक गोल्ड जिंकणारी पहिली काळी आफ्रिकन बाई. ती रेस शोधून बघच. सुरुवातीला ब्रिटनची लिझ मॅकॉल्गन पुढे, मग दक्षिण आफ्रिकेची एलाना मेयर निघाली आणि देरार्तू तिच्या मागे चिकटली ती चिकटलीच. मेयरला वाटत होतं हिनेही जरा पुढे यावं, पेस ओढावा, पण ही ढिम्म, कितीही लॅप होऊ देत, मागेच. आणि शेवटच्या लॅपच्या जरा आधी अशी सुटली की मेयर पाचेक सेकंद मागे राहिली. नंतर दोघींनी हातात हात घालून राउंड मारला, वर्णभेदामुळे इतकी वर्षं बाहेर असलेला दक्षिण आफ्रिका तेव्हा नुकताच ऑलिंपिकमध्ये परत आला होता, त्यामुळे तो फोटो सगळीकडे छापून येतो. फोटो छानच आहे, पण तू त्याच्या आधीचे लॅप बघ. आपल्याकडे पहिल्या किलोमीटरला कोण पुढे त्यावरच टाळ्या पडतात, आणि तुलाही ती सवय लागलीये.

पण खरं मला १९९६ बद्दल सांगायचंय. त्या वर्षी वर्ल्ड क्रॉस कंट्रीत, म्हणजे माळरान-चिखलातल्या शर्यतीत, पळता पळता देरार्तूचा बूट निघाला, तशीच झगडत परत वर आली, चौथी. मग अटलांटा ऑलिंपिक, दुखापत घेऊनच उतरली, तिथेही चौथी. गोल्डवालीला चौथा नंबर म्हणजे काय ते तुला कळेल, लोक लगेच 'संपली' म्हणतात. (बेकोजी २,८०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, महाबळेश्वरच्या दुप्पट, तिथल्या विरळ हवेत वाढल्याचा पळताना फायदा असतोच, मी नाही म्हणत नाही, पण त्याच उंचीवर वाढलेली पोरगी त्या वर्षी दोनदा चौथी आली ना.) १९९७ ला क्रॉस कंट्री परत जिंकली, १९९८ मध्ये मुलगी झाली, आणि २००० ला सिडनीत पुन्हा १०,००० चं गोल्ड, ३०:१७.४९, ऑलिंपिक रेकॉर्ड. बाळंतपणानंतर, बघ. तुझ्या आत्याला हे जरूर सांग, लग्न झालं की पळणं संपलं असं त्या म्हणतात ना.

त्या सिडनीच्या रेसमध्ये बराच वेळ ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ पुढे होती आणि ती चौथी आली. नऊ वर्षांनी न्यूयॉर्क मॅरेथॉन, पॉला तोवर मॅरेथॉनची वर्ल्ड रेकॉर्डवाली, सगळे तिच्याकडेच बघत होते, आणि जिंकली कोण तर देरार्तू, २:२८:५२ मध्ये, वय ३७! पॉला परत चौथी. मॅरेथॉन देरार्तूनेही आधी जिंकल्या होत्या गं, लंडन, टोकियो, पण त्या २००१ मध्ये, म्हणजे एकोणतिशीच्या आसपास. तोवर ट्रॅक आणि चिखलातली क्रॉस कंट्री, आणि २००४ ला अथेन्सला परत १०,०००, ब्राँझ. नंतर तर ती इथिओपियाच्या ॲथलेटिक्स फेडरेशनची अध्यक्ष झाली.

घरी पैसे लागतात हे मला माहितीये आणि बक्षिसाच्या पाकिटाला मी नावं ठेवत नाही. पण दर रविवारी डांबरावर २१ किलोमीटर जीव तोडून पळायचं आणि बुधवारी इंटरव्हलला, म्हणजे वेगाच्या तुकड्यांच्या सरावाला, लंगडत यायचं, याने नडगीचं हाड जाईल, मग पाकीटही नाही आणि ट्रॅकही नाही. वर्षातून तीन-चार चांगल्या रोड रेस निवडू, बक्षीस बघूनच निवडू, मला चालेल. बाकी १०,००० वर राहायचं.

पुढच्या रविवारची एन्ट्री फी भरली असशील तर ती गेली समज. आधी डॉक्टरला नडगी दाखव, एक्स-रेमध्ये कधी कधी बारीक क्रॅक दिसत नाही, तेव्हा नुसत्या एक्स-रेवर समाधान मानू नकोस, नीट विचार. तोवर पळणं बंद, सायकल चालव. रिपोर्ट आला की फोटो पाठव, आणि आईला म्हणावं मी शनिवारी फोन करतो.

तुझा,
सर