कूलर, उघडी खिडकी आणि एअर प्युरिफायर

प्रश्न : आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात असून भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे. सासूबाईंना दमा आहे. त्यांच्या १२ बाय १० फुटांच्या खोलीसाठी दुकानदाराने ‘३०० चौरस फुटांपर्यंत चालतो’ असे सांगून एक एअर प्युरिफायर दाखवला. खोक्यावर सीएडीआर १५० घनमीटर असे छापले आहे. तो घ्यावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : चौरस फुटांचा दावा बाजूला ठेवून सीएडीआर पाहावा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते तो आकडा. छत १० फुटांवर धरल्यास तुमच्या खोलीत १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ती तासातून पाच वेळा गाळली जावी असे वाटत असेल, तर सीएडीआर १७० लागतो. दाखवलेले यंत्र थोडक्यासाठीच कमी पडते असे वाटेल. परंतु छापलेला आकडा सहसा पूर्ण वेगाचा असतो आणि त्या घरघरीत सासूबाईंना झोप लागणे कठीण. वेग उतरवला की आकडाही उतरतो. म्हणून २५०च्या आसपासचे यंत्र घेऊन मध्यम वेगावर चालवावे.

फिल्टर खरा ‘हेपा’, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कणही अडवणारा दाट फिल्टर असावा, ‘हेपासारखा’ नव्हे. कार्बनचा थर वासापुरता असतो. आयोनायझरमधून, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या सोयीतून, ओझोन वायू निर्माण होऊ शकतो व तो दम्याला बाधतो, तेव्हा ती सोय नसलेली किंवा बंद ठेवता येणारी बरी.

मागाशेजारच्या घरात खरी परीक्षा प्युरिफायरच्या पुढच्या जाळीची होते. आठवड्याने ती काढून पाहिलीत, तर कापसाच्या तंतूंचा राखाडी थर बोटाने सोलून निघेल. तो न काढल्यास हवाच आत ओढली जात नाही. हेपा फिल्टर मात्र धुऊ नये, बदलावा. त्याची किंमत यंत्र घेण्यापूर्वीच विचारून ठेवावी.

आता सोलापूरकरांची अडचण. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खिडकीत कूलर असतो. तो बाहेरचीच हवा आत ओततो आणि ती निघून जायला दुसरी खिडकी उघडी लागते. अशा खोलीत प्युरिफायर लावणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे. दुपारी कूलर चालवून रात्री खिडक्या लावून पंखा व प्युरिफायर चालवता येत असेल, किंवा खोलीत एसी असेल, तरच खरेदी करावी. उकाड्यामुळे रात्रीही खिडकी लावणे शक्य नसेल, तर हे पैसे तूर्त खर्चू नयेत. यंत्र आले तरी डॉक्टरांनी दिलेला पंप परस्पर कमी करू नये.