कर्ज फिटलेलं नसताना गाडीचं इंजिन रीमॅप केलं तर बँकेला कळतं का?

तुमची टर्बो गाडी दोन वर्षांची आहे, कर्जाची अजून तीन वर्षं बाकी आहेत, आणि रीमॅप केलं तर बँकेला कळेल का, असं तुम्ही विचारलंय. मी भांडुपला राहतो आणि हप्ते चालू असतानाच हे करून बसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गॅरेजात 'ट्यूनिंग करून द्या' म्हटलं की प्लग बघतात, एअर फिल्टर बदलतात, थ्रॉटल बॉडी साफ करतात. ते खुशाल करा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. रीमॅपचं तसं नाही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला लॅपटॉप जोडून ईसीयूमधली, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली, कंपनीची फाइल बदलतात. टर्बोचं प्रेशर, इंधन किती आणि कधी जायचं, सगळंच बदलतं. गाडी बाहेरून तीच दिसते, पण कंपनीनं ज्या टॉर्कचा हिशोब धरून क्लच आणि गिअरबॉक्स दिलेत, तो हिशोब मोडलेला असतो.

माझी डिझेल होती. पहिले काही दिवस खरंच मजा आली, ऐरोलीच्या पुलावर दुसऱ्या गिअरमध्येच पाठ सीटला चिकटायची. चार महिन्यांनी खंडाळ्याच्या घाटात, घरची चार माणसं आणि सामान घेऊन चढत होतो. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तर आरपीएमचा काटा २००० वरून ३५०० वर गेला आणि वेग होता तेवढाच. मागून आई म्हणाली, "काहीतरी जळतंय रे." क्लच घसरत होता. नवीन क्लचला दोन हप्त्यांएवढे पैसे गेले. क्लच तसाही वॉरंटीत नसतो, पण सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांनी स्कॅनर लावला आणि फाइल कंपनीची नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. पुढे टर्बोनं त्रास दिला तेव्हा वॉरंटीचं दार बंद झालेलं होतं.

आता बँकेचं. आरसी तुमच्या नावावर असली तरी तिच्यावर बँकेचा बोजा, म्हणजे हायपोथिकेशन, चढवलेलं असतं. लेखी संमतीशिवाय गाडीत फेरफार करायचा नाही, असं कलम कर्जाच्या करारात सहसा असतं. सही करताना आपण ते वाचत नाही, मीही वाचलं नव्हतं. भाडेखरेदीच्या गाडीसाठी तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्येच लेखी संमतीची अट आहे. शिवाय उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतल्या नोंदी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही, हे त्याच कलमात आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढायचा सल्ला दिला तर तिथून सरळ निघा, बीएस ६ डिझेलमध्ये तो धूर रोखण्यासाठीच असतो.

बँकेचा माणूस बॉनेट उघडून बघायला येत नाही, हे खरं. कळतं ते अपघातानंतर. तुमच्या विम्याच्या पॉलिसीवरही बँकेचं नाव असतं, आणि गाडी पूर्ण बाद झाली तर क्लेमच्या पैशातून आधी बँकेचं कर्ज वळतं होतं. रीमॅप विमा कंपनीला न कळवता केलं असेल आणि त्यांनी क्लेम नाकारला, तर गाडी गेली, पैसे नाहीत, आणि ५ तारखेला हप्ता मात्र कापला जाणारच. माझी सगळ्यात मोठी भीती ही आहे. क्लचचे पैसे मी कसेतरी उभे केले. तीन वर्षांचे हप्ते नसलेल्या गाडीसाठी भरणं पगारदार माणसाला परवडत नाही.

आणि ही ताकद वापरणार कुठे? सी लिंकवर, कोस्टल रोडवर ८० ची मर्यादा आहे. एक्स्प्रेसवेच्या घाटात कारला ६०.

माझं ऐकाल तर कर्ज फिटू द्या. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरटीओतून बोजा उतरवा, मग पुढचं ठरवा. तोवर थांबणं होतच नसेल तर आज करारातलं फेरफाराचं कलम शोधून वाचा, आणि बँक व विमा कंपनी दोघांना ईमेल करून काय बदलणार आहात ते स्पष्ट लिहा. नियमात बसतं का, हे आरटीओत विचारा. उत्तर लेखीच घ्या. फोनवरच्या माणसानं "हो सर, चालेल" म्हटलेलं क्लेमच्या वेळी कुणी ऐकून घेत नाही.